बारावी, आभोगी आणि खंडोबा

"बारावीनंतर कर" हे वाक्य या वर्षी मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच कळतं काय येणारे ते. आत्या, कोचिंगचे फिजिक्सचे सर, खालच्या मजल्यावरच्या काकू, आणि हल्ली हल्ली बाबासुद्धा. गाणं शिकायला कुणाची ना नाहीये हां, ते लहानपणापासून चालूच आहे, त्याने म्हणे स्ट्रेस जातो. पण गाणं रचायचं म्हटलं की सगळ्यांच्या भुवया वर. त्यातून कर्नाटक संगीतात, त्यातून मराठीत, आणि त्यातून प्री-बोर्डच्या महिन्यात.

तर आधी थोडं बॅकग्राऊंड सांगते. आम्ही मूळचे सासवडकडचे, बाबांची बदली झाली म्हणून मी चौथीत असताना चेन्नईला आलो आणि इथेच राहिलो. इथे कॉलनीतली निम्मी मुलं 'पाट्टु क्लास'ला जातात, पाट्टु म्हणजे गाणं, तर आईने मलाही घातलं, उद्देश एवढाच की पोरीला तमिळ मैत्रिणी मिळतील. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मामी म्हणतात म्हणून मीही मामी म्हणते. आधी मायामाळवगौळ रागात सरळी, जंटै, अलंकार असे स्वरांचे पलटे, मग गीतम् आणि वर्णम् या बांधलेल्या रचना, असं करत करत आता कृती, म्हणजे मैफलीतली मुख्य गाणी, चालू आहेत. तमिळ यायला लागलं, मैत्रिणी मिळाल्या, आणि गाणं मात्र उद्देशाबाहेर जाऊन डोक्यात बसलं.

आता मराठीचं. इथल्या कचेऱ्यांमध्ये, कचेरी म्हणजे मैफल, मराठी अभंग भरपूर गातात. अरुणा साईराम, रंजनी-गायत्री गातात तेव्हा हॉलमधल्या मामा-मामी लोकांना एक अक्षर कळत नसतं तरी टाळ्या धरून सगळे डुलत असतात, मला पहिल्यांदा ते बघून खूप भारी वाटलेलं. पण जरा कचेऱ्या ऐकल्यावर एक गोष्ट खुपायला लागली. अभंग येतो कधी? तर शेवटी. वर्णम् होतं, कृती होतात, मोठा राग होतो, तनिआवर्तनम्, म्हणजे मृदंगवाल्यांचं एकट्याचं वादन, होतं, आणि मग घड्याळ बघत 'तुक्कडा', म्हणजे शेवटची हलकी चीज, म्हणून अभंग. तोपर्यंत अर्धं पब्लिक कँटीनमध्ये कॉफी प्यायला पळालेलं असतं. अभंगावर कुणी निरवल, म्हणजे एकच ओळ फिरवून फिरवून गाणं, करत नाही, कल्पनास्वर, म्हणजे आयत्या वेळी सुचलेली सरगम, घेत नाही, कारण तो त्यासाठी बांधलेलाच नसतो. म्हणजे मराठी चालते, पण जेवण झाल्यावर बडीशेप चालते तशी.

मला मराठी मैफलीच्या मधोमध हवी होती. नीट पल्लवी, अनुपल्लवी, चरण असे तिन्ही भाग असलेली, वर चिट्टस्वर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेली सरगम, लावलेली, आणि जिच्यावर गाणाऱ्याला कल्पनास्वर घेता येतील अशी एक मराठी कृती. हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "कोणावर?" मी म्हटलं खंडोबावर. "अदु यारु?" म्हणजे तो कोण. मग मी मार्तंडभैरव, म्हाळसा, बाणाई, घोडा, हळद असं सगळं सांगितलं, त्यावर मामी म्हणाल्या, "अच्छा, शिवन," आणि विषय संपला. विठ्ठल का नाही असं आईने विचारलं, तर विठ्ठलावर इथे आधीच गर्दी आहे, आणि आमचं कुलदैवत जेजुरीला आहे, पंढरपूरला नाही.

राग आभोगी घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. पटनम सुब्रमण्य अय्यरांचं आभोगीतलं वर्णम् इथे शिकणारं प्रत्येक पोर कधीतरी घोकतं, मीही घोकलंय, त्यामुळे राग गळ्यात होता. सा रि ग म ध, एवढेच पाच स्वर, पंचम नाही, निषाद नाही. आमच्या पुण्याच्या काकांना आभोगी माहितीये कारण हिंदुस्तानीवाल्यांनी तो इथूनच उचलला. पण काका गातात तो गांधार आणि मामी गातात तो गांधार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. काकांचा गांधार उभा राहतो, मामींचा सतत हलत असतो, मध्यमाकडून ओढून आणल्यासारखा. कानात लहानपणापासून नाट्यगीतं आणि भावगीतं असल्यामुळे माझा गांधार अजूनही मधूनच उभा राहतो आणि मामी हाताने हवेत लाट काढून दाखवतात, बोलत नाहीत.

खरी मजा शब्दांची आहे. आपल्याकडे यमक ओळीच्या शेवटी असतं, तुकोबांपासून व्हॉट्सॲपवरच्या वाढदिवसाच्या कवितांपर्यंत सगळं शेवटी जुळतं. इथे जुळतं ते ओळीचं दुसरं अक्षर. द्वितीयाक्षर प्रास म्हणतात. पल्लवीच्या पहिल्या शब्दाचं दुसरं अक्षर जे असेल तेच अनुपल्लवीच्या पहिल्या शब्दाचं हवं, चरणातल्या ओळींचंही हवं, आणि त्याच्या आधीचं पहिलं अक्षर गुरू असेल तर सगळीकडे गुरू. त्यागराजांच्या, दीक्षितरांच्या, म्हणजे इथल्या थोर रचनाकारांच्या, कृती इतकी वर्षं गात होते पण हे लक्षातच आलं नव्हतं, आणि एकदा कळल्यावर आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

मी सुरुवात केली 'मल्हारी'ने. मल्हारी म्हणजे दुसरं अक्षर ल्हा. आता मराठीत ल्ह वाले शब्द काढा बघू. कल्हई. कोल्हा. वल्हं. प्रल्हाद. आल्हाद त्यातल्या त्यात बरा, पण बाकी ओळी कल्हई आणि कोल्ह्यावर कशा काढणार, खंडोबा काय म्हणेल. मग 'जेजुरी' घेतलं, तर जु. हुजूर, मजूर, खजूर. तेही गेलं. मग इंटिग्रेशनची गणितं सोडवत बसले होते आणि आपोआप 'खंडेराया' आलं, आणि त्याच्यामागे रांगच लागली. खंडेराया, भंडारा, दंडवत, कुंडल, मंडप, हंडी. भंडारा! म्हणजे देवाचं नाव आणि त्याच्यावर उधळायची हळद, दोन्हीचं दुसरं अक्षर तेच. मी बाकावर बसल्या बसल्या एकटीच हसले आणि शेजारच्या मुलीला वाटलं माझं उत्तर आलं.

तर पल्लवी: खंडेराया, ये रे आता.
अनुपल्लवी: भंडाऱ्याने माखला माथा.

मी मराठी असल्यामुळे शेवटचं यमकही सोडवलं नाही, आता-माथा, दोन्हीकडून जुळवलं. आणि 'माखला माथा' मध्ये जे दोन मा आहेत ते दोन्ही मध्यमावरच पडतात. शब्दातलं अक्षर आणि स्वराचं नाव एक असणं याला स्वराक्षर म्हणतात, मोठमोठे लोक मुद्दाम करतात, माझं पहिला मा आपोआप बसला आणि दुसरा मी ढकलून बसवला, हे मामींच्या लगेच लक्षात आलं. "पहिला चांगला, दुसरा हुशार," असं म्हणाल्या. ते कौतुक होतं का टोमणा, देव जाणे.

आता गणिताकडे येते, कारण स्ट्रेस जातो म्हणणाऱ्यांना हे कुणीच सांगत नाही की कृती रचताना कागदावर आकडेमोड किती करावी लागते. इथे त्याला कणक्कु म्हणतात. आदि ताळ आठ अक्षरांचा, एकेका अक्षरात चार मात्रा धरल्या की आवर्तनाच्या, म्हणजे ताळाच्या एका फेरीच्या, झाल्या ३२. मी चिट्टस्वर दोन आवर्तनांचं केलं, म्हणजे ६४. त्यात आधी सहाचा तुकडा तीनदा, १८. मग पाचाचा तीनदा, १५. मग चाराचा तीनदा, १२. गाईच्या शेपटासारखं निमुळतं होत जातं म्हणून याला गोपुच्छ म्हणतात. झाले ४५. उरले १९. तिथे 'ध म ग रि स' सारखा पाचाचा तुकडा तीन वेळा आणि मध्ये दोन-दोन मात्रांची जागा सोडायची, ५ २ ५ २ ५. बरोबर १९. एकूण ६४, आणि समेवर, म्हणजे फेरीच्या पहिल्या टाळीवर, धाडकन पल्लवी. केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर मी हे लिहिलं, आणि खरं सांगते, त्या वहीतलं तेवढं एकच पान मी कधीही कुणालाही न बघता म्हणून दाखवीन.

पण मामींनी पल्लवी गाऊन बघितली आणि म्हणाल्या 'खंडे' समेवर आपटतंय, देवाला हाक मारतेयस का हजेरी घेतेयस? त्यांनी पल्लवी अर्ध्या अक्षराने पुढे सरकवली, म्हणजे हाताची टाळी आधी पडते आणि मग पोकळीत 'खंडेराया' येतं. एकदम जिवंत झाली ती ओळ. पण आता माझं चिट्टस्वर समेवर संपतं आणि पल्लवी दोन मात्रांनंतर सुरू होते, मग मधल्या दोन मात्रा काय करायचं? ६४ च्या जागी ६६ हवेत. मामींनी उत्तर दिलं नाही, त्या कधीच देत नाहीत, "नाळैक्कु वा" म्हणाल्या, उद्या ये. रात्री ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्स पाठ करता करता डोक्यात तेच. आणि मग दिसलं की त्या १९ मध्ये दोनच जागा आहेत सोडलेल्या, दोन्ही दोन-दोनच्या. त्या तीन-तीनच्या केल्या की ५ ३ ५ ३ ५, म्हणजे २१. ४५ आणि २१, ६६. एकही स्वर बदलायला लागला नाही! श्वास घ्यायला जागाही जास्त मिळाली. दुसऱ्या दिवशी टाळी देत म्हणून दाखवलं तर मामी "परवाइल्लै" म्हणाल्या. ठीक आहे, वाईट नाही, असा अर्थ होतो त्याचा, पण त्यांच्याकडून ते आलं की आम्ही मुली एकमेकींना मेसेज करतो.

यात शाळा कुठे बसते ते ऐका. सीबीएसईची प्रॅक्टिकल्स जानेवारीत सुरू होतात, बोर्ड फेब्रुवारीच्या मध्यावर, जेईईचं पहिलं सेशन जानेवारीतच, आणि प्री-बोर्ड डिसेंबरमध्ये. आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असतो मार्गळी महिना, म्हणजे म्युझिक सीझन, म्हणजे अख्ख्या मैलापूर आणि टी नगरमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत सभांमध्ये कचेऱ्या, दुपारच्या बऱ्याचशा फुकट, तिथे माझ्याएवढी मुलं गात असतात. ज्याने कुणी हे दोन्ही एकाच महिन्यात ठेवलं त्याला चेन्नईच्या पोरांशी काहीतरी खुन्नस असणार. विनोद म्हणजे सीबीएसईच्या विषयांच्या यादीत कर्नाटक संगीत आहे, व्यवस्थित अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम आहे, पण आमच्या शाळेत तो ऑप्शन नाही, त्याच्याऐवजी फिजिकल एज्युकेशन आहे. मी तोही घेतलाय आणि कबड्डीच्या मैदानाची मापं पाठ करतेय.

लोक विचारतात वेळ कुठून काढतेस. वेळ काढत नाही हो मी, वेळ नाहीचे. सकाळी व्हॅनमध्ये पाऊण तास जातो, त्यात मांडीवर बोटांनी ताळ. कोचिंगमध्ये सर फळ्यावर लिहून होईपर्यंत जी दोन मिनिटं असतात त्यात एखादी ओळ. रात्री घरात सगळे झोपलेले असतात म्हणून मोठ्याने गाता येत नाही, तर फोनवर तंबोऱ्याचं ॲप एकदम बारीक आवाजात लावून नुसतं गुणगुणायचं. रविवारी पूर्ण पेपरचा टेस्ट असतो, तीन तास, त्याच्यानंतर डोकं इतकं बधिर होतं की काही सुचत नाही, तेव्हा मी नोटेशन साफ अक्षरात उतरवून काढते, त्याला डोकं लागत नाही. मार्क थोडे घसरलेत, खोटं कशाला बोलू, पण ते रील्स बघूनही घसरतात हे मी आईला माझ्या भावाचं उदाहरण देऊन पटवलंय.

भावावरून आठवलं. मी त्याला पल्लवी म्हणून दाखवली तर त्याचा पहिला प्रश्न, "चॅटजीपीटीने केली ना?" मला इतका राग आला. पण मग मामींनी सुब्बराम दीक्षितरांची गोष्ट सांगितली. हे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले, ज्यांचं 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' १९०४ मध्ये छापलं गेलं आणि आजही लोक वाद झाला की तेच उघडून बघतात. तर ते सतरा वर्षांचे असताना त्यांनी दरबार रागात वर्णम् रचलं आणि एट्टयपुरमच्या राजासमोर म्हटलं, आणि म्हणे लोकांना शंका आली की हे पोराचं नाहीच, घरातल्या म्हाताऱ्याने करून दिलंय. मग राजाने अटी घालून तिथल्या तिथे दुसरी रचना करायला लावली आणि याने केली. म्हणजे माझ्याच वयाचा मुलगा आणि तोच आरोप, फक्त तेव्हा चॅटजीपीटीच्या जागी आजोबा होते. भावाला म्हटलं तूही अट घाल. तो म्हणाला वायफायवर कर. वायफाय म्हणजे दुसरं अक्षर य, तोही पाय मोडलेला. सोडून दिलं.

आणि मराठीचं म्हणाल तर मी काही नवीन करत नाहीये, उलट उशीर झालाय. त्यागराज तिरुवैयारला बसून कृती रचत होते तेव्हा शेजारच्या तंजावरच्या गादीवर भोसलेच होते, व्यंकोजीराजांच्या वंशातले. आम्ही मागे तंजावरला गेलो तेव्हा बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास चक्क मराठीत कोरलेला बघितला, १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवलेला. बाबा तर तिथून हलेचनात. त्यांच्याआधीच्या तुळजाराजांनी संगीतावर 'संगीत सारामृत' नावाचा ग्रंथ लिहिलाय, शहाजीराजांनी तेलुगूत पालखीचं आख्खं संगीत नाटक लिहिलंय, आणि मराठी कीर्तनकारांमुळे इथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग असे आपले छंद शिरले, तमिळ हरिकथावाले ती नावं तशीच वापरतात. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांच्या दरबारात मेरुस्वामी नावाचे मराठी हरिदास होते, तेही तंजावरकडचेच. म्हणजे राजे आपले, कीर्तनकार आपले, शिलालेख आपला, पण त्या राजांनी स्वतः गाणी लिहायची तर बरीचशी तेलुगूत लिहिली, आणि मराठी राहिली कथेत आणि भजनात. त्यामुळेच ती कचेरीत शेवटाला आली असं माझं मत आहे. मामींना ते पटत नाही, त्या म्हणतात तेलुगूत शब्द स्वरावर संपतात म्हणून ती गायला सोपी, बाकी राजकारण काही नाही.

मामींचं म्हणणं अगदीच चूक नाही हे मला चरणात कळलं. चरणाची एक ओळ आहे, 'दंडवत माझा सागरकाठून', कारण मी जेजुरीपासून लांब, मरिना बीचच्या बाजूला बसलेय. आता बोलताना आपण 'दंडवत्' म्हणतो, शेवटचा त पाय मोडलेला. गाताना तो त दोन अक्षरं लांबवायचाय, मग दंडवत-अ-अ असा 'अ' ओढावा लागतो आणि ऐकायला कुणीतरी मराठी शिकतंय असं वाटतं. 'काठून' चा न तर बंदच. पण मग ओवी गाताना, आरती म्हणताना आपण तोच अ बिनधास्त ओढतो की, तेव्हा नाही कानाला खटकत. मी तो त वर न लांबवता 'माझा' च्या झा वर मुक्काम नेला, आणि त नुसता शिवून पुढे गेले. झालं काम.

मुद्रेचा मात्र फुसका बार निघाला. मुद्रा म्हणजे रचणाऱ्याची सही, त्यागराजांची 'त्यागराज', मुत्तुस्वामींची 'गुरुगुह', श्यामाशास्त्रींची 'श्यामकृष्ण', चरणात कुठेतरी येते. आपल्याकडे 'तुका म्हणे' असतं तसंच. मी एक मस्त शोधून ठेवली होती, सांगत नाही आता. मामी म्हणाल्या दहा कृती कर, दहावी मला आवडली तर मुद्रा घाल, तोपर्यंत बिनसहीचं.

चंपाषष्ठीला आईने वांग्याचं भरीत आणि रोडगे केले, मी मामींना डबा नेऊन दिला. त्यांनी भरीत चाखलं, लसूण आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर एकदा देवाच्या फोटोकडे बघितलं आणि सगळं संपवलं. मग म्हणाल्या चरण एप्रिलमध्ये बघू, आता अभ्यास कर, बारावीनंतर. त्यासुद्धा! मी काही बोलले नाही. पण त्यांनीच मग जाता जाता विचारलं की ती घोड्याची ओळ कुठे अडलीय.

अडलीय ती अशी. 'कुंडल हाले, घोडा चाले' ही पहिली ओळ झालीये, 'दंडवत माझा सागरकाठून' तिसरी. मधली दुसरी ओळ हवी, पहिलं अक्षर गुरू, दुसरं ड, आणि ओळीत म्हाळसा यायला पाहिजे, बाणाई आली तर उत्तमच. मंडप, तोंड, थंडी, गोंडा, हंडी, झेंडा सगळं लावून झालं. गोंडा जवळपास बसला होता, घोड्याच्या लगामाचा गोंडा, पण मग म्हाळसा कुठे बसवायची, घोड्यावर मागे? आईचं म्हणणं आहे जेजुरीच्या चित्रात ती तिथेच बसलेली असते, पुढे की मागे यावर आमच्याकडे काल रात्री अर्धा तास वाद झाला आणि शेवटी आत्याला फोन लावला. आत्याने उत्तर दिलं, आणि मग विचारलंच, "परीक्षा कधी आहे गं?" सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. सॉल्ट ॲनॅलिसिस. तुम्हाला ड वाला शब्द सुचला तर रविवारच्या आत कळवा.